स्वतःच्याच गल्ल्यावर बसायला बंदी

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थायलंडमध्ये कमी भांडवलात करता येण्याजोग्या धंद्यांवर लेख आला होता. त्यात फोटो प्रिंटिंगवर एक परिच्छेद होता. छोटा प्रिंटर घ्या, पर्यटकांच्या गर्दीत टेबल टाका, कागदोपत्री एखाद्या स्थानिकाचं नाव लावा आणि बसा पैसे मोजत, असा त्याचा थाट. लेखकाने थायलंड पाहिला असेल, धंदा पाहिलेला दिसत नाही. मी २०१४ ते २०२० अशी सहा वर्षं चोनबुरी प्रांतातल्या बांगसेन या समुद्रकाठच्या गावात फोटो छापून पोट भरलं. म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त आकडे कापू नका.

मी मूळचा विट्याचा. आमच्याकडचा माणूस परमुलखात गेला तर कोणी भुवया उंचावत नाही. खानापूर तालुक्यातली गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली आहेत, जत्रेला तेवढी गावाकडे येतात. मी सोन्याऐवजी फोटोत पडलो. २००३ साली सेकंडहँड जपानी मिनिलॅब घेतली, म्हणजे रोल धुऊन फोटो छापणारं मशीन, खोलीभर मोठं. लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रोल धुतले. पुढे लोकांच्या हातात मोबाइल आले. फोटो वाढले आणि प्रिंट संपल्या. शेवटी-शेवटी दिवसाला वीस प्रिंट निघायच्या, पण केमिकल नासू नये म्हणून मशीन मात्र रोज तापवायचं. २०१३ मध्ये ते भंगारवाल्याने किलोवर नेलं. वजनकाट्यावर ते उभं केलं तेव्हा मी चहा प्यायला म्हणून निघून गेलो होतो.

त्याच्या आदल्या वर्षी फोटोग्राफर मित्रांबरोबर पट्टायाला सहल झाली होती. बेटावर जायच्या बोटीत चढताना एका पोराने प्रत्येकाचा फोटो काढला. संध्याकाळी परत आलो तर धक्क्यावरच्या टेबलावर बशा मांडलेल्या आणि त्यातल्या एका बशीत मी, डोळे अर्धे मिटलेले. कुरकुरत का होईना, आमच्यातल्या प्रत्येकाने आपापली बशी विकत घेतली. महाराष्ट्रातल्या कितीतरी शोकेसांत ती बशी आजही असेल. बाकीचे बशीकडे बघत होते आणि मी टेबलाखाली. तिथे मायक्रोवेव्हएवढं एक खोकं होतं, डाय-सब प्रिंटर, म्हणजे रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर चढवणारा. ना पाणी, ना केमिकल, ना डार्करूम. प्रिंट कोरडीच बाहेर पडत होती. माझ्या खोलीभर मशीनचं काम ते खोकं पाव मिनिटात करत होतं. तिथेच माझ्या डोक्यात किडा शिरला.

आता कायद्याकडे येतो, कारण लेखात तो दीड ओळीत उरकलाय.

थायलंडमध्ये १९९९ चा परकीय व्यवसाय कायदा आहे. निम्मे किंवा जास्त शेअर परकीयांचे असले की कंपनी परकीय ठरते आणि परकीय कंपनीला यादीतले धंदे परवान्याशिवाय करता येत नाहीत. यादीच्या शेवटी ‘इतर सेवा’ नावाचं एक पोतं आहे, जे कुठेच बसत नाही ते सगळं त्यात. फोटो छापून देणं त्यातच पडतं. म्हणून ५१-४९ : थाई माणसाचे ५१ टक्के, आपले ४९. अमेरिकन माणसाला १९६६ च्या मैत्री करारामुळे यातून बरीच सूट मिळते. आपल्याला ती नाही.

लेखातलं ‘कागदोपत्री स्थानिकाचं नाव’ हा त्या कायद्याने गुन्हा आहे. नाव देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख ते दहा लाख बाट दंड, किंवा दोन्ही. हे मला आधी ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्याने सांगितलं नाही. बँकॉकमध्ये चांगलं हिंदी बोलणारा एक सल्लागार गाठ पडला. तेव्हा कंपनी काढायला निदान तीन भागधारक लागत (२०२३ पासून दोन पुरतात). तो म्हणाला, दोन थाई नावं मी आणतो, त्यांच्याकडून शेअर तुमच्या नावे करण्याच्या फॉर्मवर तारीख न घालता सह्या घेऊ, फॉर्म तुमच्या कपाटात, मग कसली काळजी? मी ४० हजार बाट आगाऊ दिले, म्हणजे तेव्हाचे पाऊण लाख रुपये. सहीच्या दिवशी सहज विचारलं की हे दोघे करतात काय. त्यातला एक त्याच इमारतीचा वॉचमन निघाला. मला खाली गेटवर रोज सलाम करणारा माणूस माझ्या कंपनीचा पाव मालक होणार होता. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव लावून जमीन ठेवणारे आमच्याकडे काय कमी आहेत? त्यांचे दावे नातवंडांपर्यंत चालतात. मी पेन खाली ठेवलं. पैसे गेले ते गेलेच.

खरी भागीदार मिळाली ती नशिबाने. बँकॉकमधल्या फोटो-कागद विकणाऱ्या एका दुकानदाराने सांगितलं की बांगसेनला विद्यापीठाच्या फाटकासमोर एका बाईंचा स्टुडिओ आहे, नवरा वारलाय, मशीन बंद पडून आहे. मी गेलो. त्यांना हिंदी-इंग्रजी येत नव्हतं, मला थाई. त्यांचा नादुरुस्त प्रिंटर मी स्क्रू काढून फरशीवर पसरला, हेडवरची घाण पुसली, रोलरमध्ये अडकलेला कागदाचा तुकडा चिमट्याने काढला आणि प्रिंट दिली. त्यांनी ती प्रिंट उन्हात नेऊन पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि आतून भात-मासळीचं ताट आणून ठेवलं. भागीदारीची बोलणी तीच. पुढे मी त्यांना ‘पी’ म्हणायला लागलो. तिकडे वयाने मोठ्या माणसाला पी म्हणतात, ताईलाही आणि दादालाही तोच शब्द. त्यांनी दुकानातलं सामान, फर्निचर आणि रोख मिळून ५१ टक्के घातले. माझे ४९ टक्के म्हणजे ९ लाख ८० हजार बाट, कराड रस्त्याचा एक प्लॉट विकून. बँकेतून रिझर्व्ह बँकेचा फॉर्म भरून रीतसर पाठवले. तेही लेखात नाही, असो.

भांडवल वीस लाख बाट का, तर एका परदेशी माणसाला काम करायचा परवाना हवा असेल तर कंपनीचं भांडवल तेवढं लागतं. त्याखेरीज त्या एकासाठी चार थाई नोकर. आणि व्हिसा वर्षभर वाढवून घ्यायचा तर भारतीयाचा पगार महिना निदान ३५ हजार बाट दाखवावा लागे, नुसता दाखवून भागत नाही, त्यावर कर भरावा लागतो. जरा आकडेमोड करू. २०१३ पासून किमान मजुरी देशभर दिवसाला ३०० बाट होती. २६ दिवसांचे ७,८००, चौघांचे ३१,२००. माझे ३५ हजार. भाडं १२ हजार. झाले ७८,२००. वीज, विमा, हिशेबनीस अजून बाकी (कंपनी केवढीही छोटी असो, दरवर्षी ऑडिट चुकत नाही). आम्ही ४ बाय ६ ची प्रिंट ५ बाटला द्यायचो, त्यात कागद-रिबनचे अडीच जायचे. उरले अडीच. ७८,२०० भागिले अडीच म्हणजे महिन्याला ३१,२८० प्रिंट, दिवसाला बाराशे. आमच्या प्रिंटरच्या एका रोलला ७०० प्रिंट निघतात, म्हणजे महिन्याला ४५ रोल, फक्त बरोबरीत यायला. एवढ्या प्रिंट बांगसेनमध्ये काय, विट्यात ऐन लग्नसराईतही एका दुकानात कोणी काढल्या नसतील. लेखातला टेबलवाला हा हिशेब कुठल्या पर्यटकाकडून भरून काढणार, ते लेखकाने सांगावं.

परवान्यासाठी डॉक्टरचा दाखलाही लागतो. त्यात महारोग, क्षय, हत्तीरोग नाही असं लिहून घ्यायचं. डॉक्टरने माझ्या पायांकडे टेबलावरूनच वाकून पाहिलं आणि शिक्का मारला.

परवाना म्हणजे तेव्हा एक निळं पुस्तक असे. त्यात माझं काम लिहिलं होतं: तांत्रिक व्यवस्थापक. आणि पत्राच्या मथळ्यातली गोष्ट इथे येते. परदेशी माणसाने करू नयेत अशा कामांची तिथे यादी आहे. १९७९ च्या फर्मानात ती ३९ होती: केस कापणं, टूर गाइड, बुद्धमूर्ती घडवणं, छत्र्या बनवणं, हाताने सिगारेट वळणं वगैरे. त्यातच एक काम आहे, दुकानात उभं राहून माल विकणं. यादी नंतर बदलली, काही कामं मोकळी झाली, हे झालं नाही. म्हणजे दुकान काढा, पैसे घाला, मशीन दुरुस्त करा, पण गिऱ्हाइकाच्या हातात प्रिंट द्यायची आणि त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. ज्या माणसाने वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसून ‘या, कधीचं आहे लग्न?’ एवढंच केलं, त्याला काचेच्या दारामागे बसवलं. गिऱ्हाईक दिसायचं, ऐकू यायचं, काय चुकतंय तेही कळायचं, बोलायची सोय नाही.

एकदा चुकलो. दुपारची वेळ, पी बाजारात, दोघी मुली जेवायला, तिसरी वर लॅमिनेशनला, चौथा मुलगा कुठे गायब झाला होता देव जाणे. विद्यापीठाची एक पोरगी घाईत आली. परीक्षेच्या फॉर्मसाठी एक इंची फोटोंचा संच तयारच होता. मी पाकीट दिलं, १०० ची नोट घेतली. नोट गल्ल्यात टाकतोय तोच दारात दोघे जण गणवेशात. निळं पुस्तक पाहिलं, ‘व्यवस्थापक’ या शब्दावर बोट ठेवलं, मग गल्ल्यावर ठेवलं. तेवढ्यात पी आल्या. त्यांनी हात जोडून काय सांगितलं ते मला निम्मंच कळलं. ताकीदीवर निभावलं. त्या दिवसापासून पींनी काउंटर आणि माझी खोली यांच्यामध्ये जमिनीवर लाल चिकटपट्टी लावली. पुढे मी ती कधीच ओलांडली नाही. पट्टी झिजली की त्या नवी लावायच्या.

पाटीचंही सांगायला हवं. तिथे दुकानाच्या पाटीवर कर आहे. नुसत्या थाई अक्षरांची पाटी असेल तर सर्वांत कमी, थाईबरोबर परकी अक्षरं असतील तर जास्त, आणि थाई अजिबात नसेल किंवा परकी अक्षरांच्या खाली असेल तर सर्वांत जास्त. म्हणून मोठमोठ्या इंग्रजी पाट्यांच्या वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या थाई अक्षरांची एक ओळ दिसते. दंड नाही, दगडफेक नाही, नुसता कर. आपल्याकडे मराठी पाट्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं तेव्हा मला त्या मुंगीएवढ्या ओळी आठवल्या. आमच्या पाटीवर फक्त ‘रान थाय रूप’ होतं, थाई अक्षरांत. रान म्हणजे दुकान, थाय रूप म्हणजे फोटो काढणं. रूप हा शब्द आपलाच. विद्यापीठाचं नाव बुराफा, तेही आपल्या ‘पूर्व’वरून. गिऱ्हाइकाशी बोलता येत नव्हतं तरी भिंतीवरचे शब्द ओळखीचे निघायचे.

सकाळची पहिली विक्री झाली की पी ती नोट हातात घेऊन सगळ्या मालावरून फिरवायच्या, फ्रेमा, अल्बम, फोटो छापलेले मग, आणि शेवटी प्रिंटरलाही टेकवायच्या. पहिल्या दिवशी मी काचेआडून ओरडलो, ‘भवानी झाली!’ त्यांना काय कळणार. पण पुढे त्या स्वतःच माझ्याकडे बघून ‘पवानी’ म्हणायला लागल्या.

४ बाय ६ वर भागत नाही हे पहिल्या तीन महिन्यांतच कळलं होतं. मग काय चाललं? एक, ओळखपत्राचे फोटो. एक इंच, दोन इंच. तिकडे प्रत्येक फॉर्मला फोटो आणि प्रत्येक हुद्द्याला गणवेश. आमच्या कॉम्प्युटरवर गणवेशांचं एक फोल्डर होतं: शिक्षक, नर्स, पोलीस, पांढरा सरकारी पोशाख, पदवीचे झगे. गळ्यापर्यंत गिऱ्हाईक, गळ्याखाली फोटोशॉप. खांद्यावरची चिन्हं मात्र पी कागद बघूनच लावायच्या. कोणी हुद्दा वाढवून मागितला तर सरळ नाही म्हणायच्या. दोन, पदवीदान. तिकडे पदवी राजघराण्यातल्या व्यक्तीच्या हातून घेण्याची परंपरा आहे आणि तो दिवस अख्ख्या खानदानाचा असतो. गावाकडून आजी-आजोबा पिकअपमध्ये बसून येतात. त्या आठवड्यात आम्ही २० बाय २४ च्या सोनेरी फ्रेमा करून थकायचो. वर्षाचं निम्मं भाडं त्या आठवड्यात निघायचं.

आणि तिसरं, मयताचे फोटो. यात मला कोणी काही शिकवावं लागलं नाही.

थाई माणूस गेला की शवपेटी विहारात ठेवतात. तीन, पाच, सात रात्री भिक्खू मंत्र म्हणतात आणि पेटीशेजारी फुलांच्या आरासात त्या माणसाचा मोठा फोटो उभा असतो. तो फोटो दुसऱ्या दिवशीच हवा असतो. विट्यातही दहाव्याच्या आदल्या दिवशी रात्री शटर वाजायचं. हातात लग्नाच्या अल्बमचं पान, ‘हे मागच्या रांगेतले, डावीकडून तिसरे, यांचा मोठा करून द्या.’ शेजाऱ्याचा खांदा पुसायचा, डोळे उघडायचे, फेटा किंवा टोपी चढवायची. बांगसेनमध्ये फेट्याच्या जागी पांढरा गणवेश, एवढाच फरक.

एका रात्री साडेनऊला एक जण आला. बांगसेनजवळ नाँगमोन नावाचा बाजार आहे, तिथे बांबूच्या नळीत चिकट भात आणि नारळाचं दूध भरून भाजतात, ‘खाव लाम’ म्हणतात. ह्याची आई चाळीस वर्षं ते विकायची. फोटो दोनच: ओळखपत्रावरचा धुरकट आणि कोणाच्या तरी लग्नात कोपऱ्यात उभी असलेली. कोपऱ्यातला चेहरा माझ्या नखाएवढा. दुकान बंद झालेलं, त्यामुळे तो सरळ आत येऊन माझ्या शेजारी बसला, लाल पट्टी ओलांडून. मी चेहरा उचलला, पार्श्वभूमी निळी केली, सुरकुत्यांना फारसा हात लावला नाही. ओठ लालभडक होते, पानाचे. तिकडच्या जुन्या बायका विडा खायच्या. मी सवयीने लाली कमी करायला लागलो तसं त्याने माझं मनगट धरलं. बोलला काही नाही, नुसती मान हलवली. मला विट्यातला एक हमाल आठवला. आजीच्या कपाळावरचं आडवं कुंकू मी फोटोत थोडं लहान केलं तर तो म्हणाला होता, ‘एवढ्याश्या कुंकवाची आमची म्हातारी नव्हती.’ मी लाली होती तशी ठेवली. मोठ्या इंकजेटवर १६ बाय २० ची प्रिंट निघायला वेळ लागतो, कागद बोटा-बोटाने पुढे सरकतो. आधी कपाळ आलं, मग डोळे. ओठ आले तेव्हा तो उठून बाहेर जाऊन उभा राहिला. पैसे पींनी सकाळी घेतले.

एक प्रसंग राहिला. १३ ऑक्टोबर २०१६ ला राजे भूमिबोल गेले. ते स्वतः हौशी छायाचित्रकार होते. तिथल्या हजाराच्या एका जुन्या नोटेवरच्या चित्रात त्यांच्या गळ्यात कॅमेरा आहे, आमच्या धंद्यातल्या माणसाला ती नोट मोडवत नसे. त्या आठवड्यात काळे कपडे मिळेनासे झाले, लोक घरी रंगाच्या पातेल्यात कपडे बुडवत होते, आणि आमच्याकडे राजाच्या फोटोसाठी रांग. साध्या फोटोला रूप म्हणतात, पण राजाच्या फोटोचा शब्द वेगळा. लिहिताना ‘छायालक्षण’, तेही ‘परम’ लावून. पींनी त्या दिवसांत फक्त कागदाचा खर्च घेतला.

डाय-सबची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. रिबनवर पिवळा, किरमिजी, आकाशी आणि वरचा पारदर्शक असे थर एकामागोमाग असतात. जेवढा रंग कागदावर गेला तेवढा रिबनवरून उतरतो, म्हणजे वापरलेल्या रिबनवर प्रत्येक फोटोची उलटी छाया राहते. एरवी आम्ही रोल कापून कचऱ्यात टाकायचो, पासपोर्टचे फोटो असतात म्हणून कापून. त्या आठवड्यात रोल संपला तशी आमच्याकडची सर्वांत लहान मुलगी तो काढायला गेली आणि तशीच उभी राहिली. हातातल्या पट्टीवर राजाचा चेहरा, पिवळ्यात, मग किरमिजीत, मग आकाशीत, परत पिवळ्यात, शेकडो वेळा. कात्री दुसऱ्या हातात. राजघराण्याच्या अवमानाला तिथे तीन ते पंधरा वर्षं कैद आहे, पण ती पोरगी त्या भीतीने थांबली नव्हती. तिने कात्री खाली ठेवली, रोल दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि पींकडे पाहिलं. असे अकरा रोल झाले. ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पांढऱ्या फडक्यात गुंडाळून माडीवर देव्हाऱ्याशेजारी ठेवले. मी निघालो तोवर तिथेच होते.

२६ मार्च २०२० पासून तिकडे आणीबाणी लागली. विद्यापीठ ऑनलाइन, पदवीदान पुढे ढकललं, समुद्रकिनारा बंद. पींनी चौघांना काढलं नाही, आणि काढता आलंही नसतं, कारण चार नोकर नाहीत तर माझा व्हिसा नाही. म्हणजे माझ्या एकट्यापायी चौघांचे पगार चालू. एका रात्री मीच विषय काढला. शेअर त्यांनी विकत घेतले, सहा लाख बाटला. मी घातले होते पावणेदहा. त्यांनी हप्त्याने का होईना सगळे चुकते केले. मी वंदे भारत मोहिमेच्या विमानाने परतलो.

आणि मी निघाल्यावर दुकान नफ्यात आलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण हिशेब साधा आहे. माझे ३५ हजार वाचले, चौघांची सक्ती संपली. दोन मुलींनी आपण होऊन दुसरीकडे नोकरी धरली. पी, त्यांची थोरली मुलगी आणि तो गायब होणारा मुलगा एवढ्यांत सगळं बसतं. तेच दुकान, तेच प्रिंटर, तेच गिऱ्हाईक. मालक परदेशी असेल तर बुडतं आणि नसेल तर तरतं, इतका लहान हा धंदा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी मिळाल्यापासून आमच्याकडची दोन पोरं मला भेटून गेली, तिकडे जाऊन सहज टेबल टाकू म्हणणारी. व्हिसामाफी फिरायला असते. विनापरवाना काम करताना सापडलात तर ५ ते ५० हजार बाट दंड आणि परत पाठवणी. कलेवर विश्वास असेल तर तिकडच्या एखाद्या मोठ्या लॅबमध्ये पगारावर जा, परवान्याचं ओझं त्यांच्यावर. किंवा आधी एखादी पी शोधा, वॉचमन नको.

मी आता विट्यात मुलाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो, गल्ल्यावर. गेल्या महिन्यात पींनी ‘लाइन’ या मेसेजच्या अॅपवर एका प्रिंटचा फोटो पाठवला. खाली मुलीने इंग्रजीत लिहिलं होतं की आकाश हिरवट येतंय, हेड बदलू का? मी लिहिलं, हेड ठीक आहे, त्या कॉम्प्युटरवर रंगांचं प्रोफाइल बदललं गेलंय, जुनं लाव. दहा मिनिटांनी दुसरी प्रिंट आली, आकाश निळं. खाली पींनी एकच शब्द पाठवला होता, ‘पवानी’. या कामाला निळं पुस्तक लागत नाही.

आपला,
एक जुना लॅबवाला,
विटा, जि. सांगली
(भागीदारबाईंच्या धंद्याचा प्रश्न आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)